यॉर्कशर डेल्स : कुत्र्यासोबत चार दिवसांची पायी सहल, मुक्काम इनमध्ये. काय काय विचारून ठेवायचं?

रेडिंगकर
मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उत्तर इंग्लंडमधल्या इल्कलीहून निघून व्हार्फ नदीच्या काठाने हबरहोमपर्यंत चालायचा बेत आहे. ही डेल्स वे या वाटेची सुरुवात. पूर्ण वाट बोनेस-ऑन-विंडरमिअरपर्यंत जाते, सुमारे १२९ किलोमीटर. आपल्याला त्यातले पहिले ४५ च पुरेत. माणसं तीन, त्यातली आई ६६ वर्षांची, चालायला खणखणीत, पण शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. चौथा मेंबर लॅब्रॅडोर, वय ४, वजन २८ किलो. तंबू नको, रोज रात्री गावातल्या इनमध्ये (खाली पब, वर राहायच्या खोल्या) खोली हवी. संकेतस्थळांवर सगळ्याच इन स्वतःला डॉग फ्रेंडली म्हणवतात. त्यावर कितपत विसंबायचं? आणि दिवसाचे टप्पे कसे पाडायचे?

पायपीट
आधी टप्पे. इल्कली ते बर्न्सॉल एका दिवसात बरेच जण करतात, साधारण २१ किमी. पहिल्याच दिवशी कुत्र्याला आणि आईंना एवढं नको. पहिला मुक्काम बोल्टन ॲबीला (सुमारे १०), दुसरा बर्न्सॉलला (सुमारे ११), तिसरा केटलवेलला (सुमारे १६) आणि शेवटी हबरहोम (सुमारे ९). तिसरा दिवस लांब आहे. ग्रासिंग्टननंतर वाट नदी सोडून वर चुनखडीच्या कुरणात चढते. त्या पट्ट्यात पाणी जवळजवळ नाही, सावली त्याहून नाही.

लीड्सहून इल्कलीला थेट गाडी आहे, अर्ध्या तासाच्या आसपास. रेल्वेत माणशी दोन कुत्री फुकट नेता येतात, फक्त लीश हवी आणि सीटवर बसवायचं नाही. परतीचं मात्र आधी बघा. हबरहोमला बस नाही, मागे बकडेनपर्यंत यावं लागतं आणि वरच्या खोऱ्यातल्या बस मोजक्याच. बसमध्ये कुत्रा घ्यायचा की नाही हे ड्रायव्हरच्या मर्जीवर असतं.

तारखांचाही विचार करा. मेचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडे असतो आणि साधारण त्याच आठवड्यात शाळांना हाफ टर्मची सुट्टी. अशा वेळी बऱ्याच इन दोन रात्रींशिवाय खोली देत नाहीत, आणि रोज पुढच्या गावी जाणाऱ्याला एकच रात्र हवी असते. आठवडाभर मागेपुढे सरकून सोमवार ते शुक्रवार बसवलंत तर निम्मी कटकट वाचेल. पण सोमवार-मंगळवारी काही ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं. खोली मिळते, जेवण मिळत नाही, आणि गावात दुसरं हॉटेल नसतं. हे ज्याने त्याने फोन करूनच विचारायचं.

डेल्सवेडी
डॉग फ्रेंडली या शब्दाचे निदान चार अर्थ निघतात. एक, बारमध्ये कुत्रा चालतो, खोलीत नाही. दोन, खोलीत चालतो, पण ठरावीक एकदोन खोल्यांतच, बहुधा तळमजल्यावर किंवा मागच्या जुन्या तबेल्याच्या इमारतीत. तीन, खोलीत चालतो पण एकट्याला सोडायचं नाही. चार, एकच लहान कुत्रा चालतो. चारही ठिकाणी पाटी तीच.

म्हणून बुकिंगच्या साइटवर नुसतं टिक करून थांबू नका, इनला थेट ईमेल टाका. कुत्र्याची जात, वजन आणि संख्या आधी सांगा. मग विचारा की खोली कुठल्या मजल्यावर आहे, जिना किती अरुंद, रात्री अकरानंतर कुत्र्याला बाहेर न्यायचं तर कुठल्या दाराने, दाराला कोड आहे की किल्ली. रात्रीचं जेवण कुत्र्यासकट कुठे घेता येईल आणि ते टेबल राखून ठेवता येतं का. नाश्त्याच्या खोलीत कुत्रा चालतो का. ओले बूट आणि ओला कुत्रा कुठे वाळवायचा. शुल्क कुत्र्यामागे आहे की मुक्कामामागे. रात्रीला १० ते २५ पाऊंड सर्रास घेतात. त्यात कधी वाडगा, टॉवेल, बिस्किटं येतात, कधी काहीच येत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नाश्त्याला. रात्री बारमध्ये फरशी असते, शेकोटी असते, कुत्रा टेबलाखाली पसरला तरी कुणाची हरकत नाही. सकाळी नाश्ता गालिचा असलेल्या आतल्या खोलीत, तिथे कुत्र्याला मज्जाव, आणि खोलीत एकट्याला सोडायचीही मनाई. मग दोन पाळ्यांत खायचं किंवा बारमधल्या कोपऱ्यात नाश्ता मागायचा. बारमध्ये द्यायला बहुतेक जण तयार असतात, आदल्या रात्री सांगून ठेवलं की झालं.

घाटमाथा
कायद्याने तर जेवणाच्या जागी कुत्र्यांना बंदी आहे ना तिकडे? मग बारमध्ये कसं चालतं?

डेल्सवेडी
नाही, अशी सरसकट बंदी नाही. जिथे अन्न शिजतं, हाताळलं जातं, तिथे जनावर नको. गिऱ्हाईक बसतं त्या जागेचं मालकाने ठरवायचं. म्हणूनच एका गावात तीन पब आणि तीन नियम असतात.

डॉ_शेपूट
कुत्र्याच्या बाजूने थोडं.

२८ किलोच्या लॅबला चार दिवस सलग चालायचं तर दोन महिने आधीपासून सवय हवी. आठवड्यातून दोनदा १० ते १२ किमी आणि एकदा लागोपाठ दोन दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना आखडला, तर टप्पे लांब आहेत असं समजा. चार वर्षांच्या लॅबचं वजन पाहताना बरगड्या हाताला लागतात का ते बघा. लागत नसतील तर ट्रीटमध्ये कपात आत्तापासून.

खाणं घरचंच न्या. पोळी-दूध किंवा दहीभातावर वाढलेल्या कुत्र्याला सहलीसाठी म्हणून ऐनवेळी किबलवर (तयार कोरड्या गोळ्यांवर) आणू नका. पोट बिघडतं, आणि इनच्या गालिच्यावर बिघडलेलं पोट म्हणजे काय हे सांगायला नको. बदल करायचाच तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. चालण्याच्या दिवसांत रोजच्यापेक्षा २५ ते ३० टक्के जास्त लागतं. दर दिवसाची पुडी वेगळी वजन करून बांधा, वर तारीख लिहा आणि एक पुडी जादा ठेवा. मोठ्या छातीच्या कुत्र्याला चालून आल्या आल्या पोटभर वाढू नका. तासभर थंड होऊ द्या, मग द्या. जेवल्यावर लगेच पळवू नका. पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो.

पाणी : विश्रांतीत किलोमागे साधारण ५० ते ६० मिली, म्हणजे याला दीड लिटरच्या आसपास. चालताना त्याहून जास्त. ग्रासिंग्टन ते केटलवेल पट्ट्यात निदान एक लिटर फक्त त्याच्यासाठी पाठीवर हवं. शेतातली डबकी आणि उन्हाळ्यातलं हिरवट साय धरलेलं पाणी पिऊ देऊ नका.

इनमधलं ताटातलं काही देऊ नका. ग्रेव्हीत कांदा असतो, पुडिंगमध्ये बेदाणे असतात, रोस्टमधलं शिजलेलं हाड तुकडे होऊन आतड्यात रुततं. आणि आपल्याकडच्या खाऊचंही तेच. बेदाण्यांचा लाडू, कांद्याचा चिवडा, चॉकलेट, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेलं च्युइंगगम हे सगळं बॅगेच्या झिपबंद कप्प्यात. लॅब बॅग उघडायला शिकतोच.

चहाटळ
डॉक्टर, बेदाण्याचा लाडू आईंच्या बॅगेत असणार हे तुम्हाला कसं कळलं? :)

डॉ_शेपूट
मराठी आई पायी निघाली आणि बॅगेत लाडू नाही, असं कधी घडलंय का?

पायपीट
आता स्टाइल, म्हणजे शेताची भिंत ओलांडायला केलेली जागा. नवीन माणसाला वाटतं अवघड काम चढाचं असेल. कुत्रा सोबत असेल तर खरं काम या भिंती ओलांडण्याचं. डेल्समध्ये शेतं दगडी भिंतींनी वेगळी केलेली असतात, चुना-सिमेंट न लावता नुसते दगड रचून. त्या ओलांडायला दोन प्रकार ठिकठिकाणी भेटतात.

पहिला फटीचा. भिंतीत दोन उभे दगड, मध्ये फट, वर रुंद आणि खाली अरुंद. माणसाची मांडी वरून निघते, कुत्र्याला मात्र जिथे फट सर्वात अरुंद तिथूनच जायचं असतं. त्यामुळे लॅबचं पुढचं धड सुटतं आणि कुल्ले अडकतात. कुत्र्याच्या पाठीला पिशव्या बांधल्या असतील तर आधी सोडा. फटीच्या पलीकडे बहुतेक वेळा स्प्रिंगचं छोटं फाटक असतं. ते गुडघ्याने धरून ठेवा, नाहीतर नेमकं शेपटीवर आपटतं आणि मग पुढच्या प्रत्येक फटीशी कुत्रा पाय रोवून उभा राहतो.

दुसरा शिडीचा. भिंतीच्या दोन्ही अंगांना लाकडी शिड्या. इथे दोन माणसं लागतात. दोघांनी पाठीवरच्या बॅगा उतरवायच्या. एकाने आधी पलीकडे उतरून लीश हातात घ्यायची, पण ओढायची नाही. दुसऱ्याने कुत्र्याचे पुढचे पंजे दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर टेकवायचे, एक हात मागच्या मांड्यांखाली आणि दुसरा हार्नेसच्या (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या मुठीत. वजन मांड्यांखालच्या हातावर, मूठ फक्त तोलासाठी. गळ्याच्या पट्ट्याला धरून कधीच उचलायचं नाही. शेंड्यावर पोचला की कुत्र्याला थेट उडी मारावीशी वाटते. तिथे मूठ घट्ट धरून एकेक पायरी उतरवा. खांदे आणि मनगटं दुखावतात ती चढताना नाही, या उडीत. पाऊस पडून गेला असेल तर फळ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा दुप्पट सावकाश.

शक्य असेल तिथे भिंतीच्या कडेने पन्नासएक मीटर नजर टाका, शेताचं फाटक दिसतं का. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवायचं. सुतळीने बांधलेलं सोडलंत तर पुन्हा बांधायचं. उघडतच नसेल आणि चढायचंच असेल तर बिजागरीच्या बाजूने चढा, कडीच्या बाजूने चढलं की फाटक खाली बसतं.

थोडक्यात, पाठीवर मूठ असलेला हार्नेस नसेल तर आजच घ्या आणि घरच्या जिन्यावर उचलायचा सराव करा. २८ किलो जिवंत वजन पहिल्यांदाच भिंतीवर उचलू नये.

लीड्सकर
वाटेवरच्या तीन जागा लिहून ठेवा.

बोल्टन ॲबीच्या पुढे स्ट्रिड. अख्खी व्हार्फ नदी खडकांच्या चिरेत शिरते, इतकी अरुंद की टांग टाकून जाऊ असं वाटावं. खडक बुळबुळीत, खाली खोल, कडा आतून पोखरलेल्या. पडलेला माणूस सहसा वर येत नाही. लॅबला पाणी दिसलं की थांबवणं कठीण, त्यामुळे स्ट्रिड वूडमध्ये शिरायच्या आधी लीश लावायची ती झाडी संपेपर्यंत. तिथे काठी फेकण्याचा खेळ अजिबात नको.

त्याच भागात वर बार्डन मूर आणि बार्डन फेल आहेत. ग्राऊस पक्ष्यांचे माळ असल्यामुळे तिथल्या मोकळ्या जमिनीवर कुत्र्यांना बंदी आहे. तुमची वाट खाली नदीकाठाने जाते म्हणून अडचण नाही, पण ‘जरा वर जाऊन येऊ’ असं मनात आलं तर कुत्रा सोडून जावं लागेल.

तिसरी जागा कोनिस्टनच्या वरचा चुनखडीचा माळ. फरशा घातल्यासारखा खडक, मध्ये खोल भेगा. कुत्र्याचा पाय भेगेत गेला आणि तो पुढे पळत असेल तर हाड मोडतं. वाट गवतावरून आहे, तीच धरा.

१ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या माळरानावर लीश कायद्यानेच सक्तीची, दोन मीटरपेक्षा लांब चालत नाही. ती खेचली की सुटत जाणारी लीश इथे उपयोगाची नाही. सार्वजनिक पायवाटेवर ‘ताब्यात’ असणं पुरतं, पण मे महिन्यात प्रत्येक शेतात कोकरं असतात. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घातली तर शेतकऱ्याला कायद्याचा आधार मिळू शकतो. गळ्यातल्या बिल्ल्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असावाच लागतो, नुसता फोन नंबर पुरत नाही. कातडीखालची ओळखीची चिप २०१६ पासून सक्तीची आहेच, त्यातला मोबाइल नंबर अजून जुनाच नाही ना तेवढं तपासा.

भाजीभाकरी
एक गाईंबद्दल. आपल्या मनात गाय म्हणजे गरीब, गळ्याखाली खाजवावं अशी. तिथली वासराची गाय कुत्रा दिसला की कळपासकट चाल करून येते. तिच्या दृष्टीने तो लांडगाच. आईंना हे आधी सांगा, नाहीतर त्या नमस्कार करायला पुढे जातील. शेतात वासरं असतील तर कळपाच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा, कुत्रा आपल्या दुसऱ्या अंगाला ठेवायचा, पळायचं नाही. आणि गाई अंगावर आल्याच तर लीश सोडून द्यायची. मन घेत नाही, पण सरकारी सूचनाही हीच आहे. गाईंचा राग कुत्र्यावर असतो, तो पळून सुटतो. लीश धरून राहिलेला माणूस तुडवला जातो.

चहाटळ
विष्ठेच्या पिशव्या कुंपणाला लटकवून ‘येताना नेऊ’ म्हणणाऱ्यांसाठी काही आहे का कायद्यात?

डॉ_शेपूट
कायद्यापेक्षा कारण सांगते. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी कुरणात उतरला की गाभण गाई गाभडतात. हे कुरण म्हणजे कुणाच्या तरी गाईंचं ताट. उचलायचं, दोन पिशव्यांत बांधायचं आणि पुढच्या गावातल्या कचराकुंडीपर्यंत न्यायचं. झाकणाचा छोटा प्लास्टिक डबा बॅगेला बाहेरून अडकवला की वासही येत नाही.

आणि संध्याकाळी इनमध्ये पोचल्यावर काय, हे कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आत शिरायच्या आधी बाहेरच्या नळावर पाय धुवा. बऱ्याच इनच्या मागच्या दाराशी नळ असतोच, विचारलं की दाखवतात. मग स्वतःच्या जुन्या टॉवेलने पुसा, इनचा पांढरा टॉवेल अजिबात नाही. आधी पोट आणि काखा, मग पाय, शेवटी पाठ. लॅबचं वरचं केस लवकर वाळतं, खालची लव ओलीच राहते आणि खोलीभर वास त्याचाच. टॉवेलिंगचा कोट घालून अर्धा तास बसवला तर निम्मं काम होतं. शेकोटीच्या अगदी पुढ्यात झोपू देऊ नका, ओलं कुत्रं तिथून हलत नाही आणि तापतं.

पुसतानाच बोटं उलटी फिरवून तपासायचं. कानामागे, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत. ज्वारीच्या दाण्याएवढं गुळगुळीत काही लागलं तर गोचीड. त्यावर गोडं तेल, रॉकेल, पेटती उदबत्ती हे आजीचे उपाय नकोत, डिवचलेली गोचीड पोटातलं रक्तात परत ओकते आणि रोग तिथूनच जातो. प्लास्टिकचा छोटा आकडा मिळतो, तो कातडीलगत सरकवायचा, गोल फिरवायचा, ओढायचा नाही. दोनतीन वेढ्यांत सुटते. गोचिडीची गोळी किंवा मानेवरचं औषध निघायच्या आधीच व्हेटला विचारून द्या. जूनपासून कुसळंही तपासावी लागतात. बोटांत शिरलेलं कुसळ पुढेच सरकत राहतं, मागे येत नाही. कुत्रा एकच पंजा सारखा चाटत असेल तर तिथे बघा.

रेडिंगकर
खूपच उपयोगी. रात्री जेवताना खोलीत पिंजऱ्यात ठेवला तर चालेल का? आणि सामान पुढच्या गावी पाठवायची सोय असते म्हणे.

डेल्सवेडी
पिंजऱ्याची घरी सवय असेल आणि इनने हो म्हटलं तरच. जुन्या इनच्या लाकडी जमिनी करकरतात, बाहेरून कुणीही गेलं की कुत्रा भुंकतो, आणि भिंतीपलीकडे दुसरा चालून दमलेला माणूस झोपलेला असतो. बारमध्ये सोबत नेणंच सोपं. घरची जुनी गोधडी न्या. तीच टेबलाखाली, तीच रात्री खोलीत. स्वतःचा वास आला की कुत्रा पाच मिनिटांत पसरतो. कोपऱ्यातलं टेबल मागा, कुत्रा भिंतीच्या बाजूला, वाटेत शेपूट नको. लीश टेबलाच्या पायाला बांधू नका, समोरून मांजर गेलं तर टेबल, सूप, सगळं निघतं. आपण बसतो त्या बाकाच्या पायाखाली तिचा फास अडकवा.

सामान नेणाऱ्या गाड्या असतात. बॅग साधारण २० किलोच्या आत आणि सकाळी नऊच्या सुमारास खाली आणून ठेवलेली हवी. नाश्ता आठला सुरू होतो, म्हणजे आदल्या रात्रीच भरून ठेवायची. कुत्र्याच्या पुड्या त्यातच टाका, पण एक दिवसाचं खाणं पाठीवर ठेवा. कधी बॅग आपल्यानंतर पोचते, आणि लॅबला ते समजावता येत नाही.

भाजीभाकरी
आईंच्या जेवणाचं. मेन्यूवर ‘व्ही’ म्हणजे मांसमासे नाहीत, अंडं-चीज असू शकतं. बिनअंड्याचं हवं तर ‘व्हीई’ शोधायचं, म्हणजे व्हीगन. मग दही-दूध वेगळं मागून घेता येतं. यॉर्कशर पुडिंगच्या पिठात अंडं असतंच. पेस्ट्रीत डुकराची चरबी, सूपमध्ये कोंबडीचं पाणी, वूस्टर सॉसमध्ये मासे असू शकतात. आणि यॉर्कशरमध्ये चिप्स गाईच्या चरबीत तळायची जुनी पद्धत आहे, बीफ ड्रिपिंग म्हणतात. निरुपद्रवी दिसणारी बशी हीच असते. प्रत्येक ठिकाणी तळण कशात आहे हे विचारायचं, लाजायचं नाही. स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं, आणि रविवारी दुपारचं रोस्ट संपलं की संध्याकाळी काहीच नाही, असंही असतं. दुपारचा डबा आदल्या रात्री सांगितला तर बांधून देतात. त्याला पॅक्ड लंच म्हणा, नुसतं सँडविच म्हटलं तर तेवढंच येतं.

लीड्सकर
नकाशे (ऑर्डनन्स सर्वेचे कागदी) : इल्कलीचा भाग एक्सप्लोरर २९७ वर, मधला ओएल २ वर, हबरहोम ओएल ३० वर. केटलवेलच्या वर मोबाइलला रेंज येते-जाते, त्यामुळे फोनमधला नकाशा आधी उतरवून ठेवा आणि जवळच्या व्हेटचा नंबर कागदावर लिहा. रात्रीचा तातडीचा व्हेट बराच लांब असू शकतो, तेव्हा टॅक्सीवाल्याचा नंबरही, आणि तो कुत्रा घेतो का तेही विचारून.

रेडिंगकर
ईमेल टाकले. एका इनचं उत्तर आलं : तळमजल्यावरची खोली, मागच्या अंगणाचं दार थेट, नाश्ता बारमध्ये कुत्र्यासकट चालेल, शुल्क रात्रीला १५ पाऊंड. चिप्स ड्रिपिंगमध्ये.

भाजीभाकरी
खोली घ्या. आईंसाठी जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा), बटर आणि बीन्स, आणि वरून घरच्या लसणीची चटणी. तेवढा डबा मात्र लॅबच्या नाकाच्या वर ठेवा, लसूण त्यालाही वर्ज्य.